बिनमोटारीचं मशीन

कोल्हापूरहून परत येऊन बरेच दिवस झाले. मी आलो, सुनंदा आली, सामान आलं. माझी कंबर मात्र अजून आलेली नाही. ती बहुतेक परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर राहिली. वर्ध्याहून कोल्हापूरपर्यंतचा रेल्वेप्रवास ज्यांनी केला आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी केलेला नाही त्यांना सांगून ते पटायचं नाही. म्हणून तो भाग गाळतो आणि थेट अंगठ्यापासून सुरुवात करतो.

अंगठा सुनंदाचा, उजव्या हाताचा. सुनंदा म्हणजे माझी बायको. मुलं शिकून बाहेर पडल्यावर ती एका प्रशिक्षण वर्गात जाऊन चामड्याच्या पिशव्या शिवायला शिकली. नातेवाइकांनी आधी नाकं मुरडली आणि पुढच्याच दिवाळीत पाकिटं फुकट मिळतील का म्हणून विचारलं. ती सगळं हातानं शिवते. एका दोऱ्याला दोन सुया, आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार, आणि प्रत्येक टाक्याला दोरा खेचून घट्ट. ते खेचणं सगळं अंगठ्यावर. त्याच्या बुडाचा सांधा इतका झिजला की लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला ती मला हाक मारायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दोरा ओढणं थांबवा, नाहीतर हा अंगठा कायमचा थांबेल."

मी घरी येऊन चप्पल काढायच्या आत जाहीर केलं, "मशीन घेऊ!"

तिनं उत्तर द्यायला बरेच दिवस घेतले. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाऊन बघू. जमलं तर जमलं. नाहीतर मी शिवणं बंद करते. उरलेलं चामडं कुणालातरी देऊन टाकू."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला दडपणच आलं. म्हणजे आता मशीन निवडायचं नव्हतं, ती पुढं शिवणार की नाही हे ठरायचं होतं. आणि ठरवायला निघालो कोण, तर मी. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला, आणि निवृत्तीनंतर फोनवर मशीनांचे व्हिडिओ पाहून पाहून डोळे सुजवून घेतलेला माणूस.

कोल्हापूर ही अक्कलही माझीच. जिथल्या चपला साऱ्या जगात नावाजल्या जातात, तिथं चामडं शिवायची मशीनं गल्लोगल्ली घरघरत असणार, असा माझा तर्क. तो मी तिला गाडीतही दोनदा समजावून सांगितला. ती खिडकीबाहेर बघत होती.

शनिवार, चपलांच्या गल्लीत

लॉज मंगळवार पेठेत घेतला. खोली बरी होती, फक्त जिना असा की वर गेल्यावर खाली कशाला उतरायचं असं वाटावं. अंघोळ उरकून आम्ही चपलांच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना चपलांच्या माळा लटकलेल्या, सगळीकडे कमावलेल्या चामड्याचा वास. एका दुकानाच्या ओट्यावर पन्नाशीचा एक कारागीर तळ शिवत बसला होता. मी जाणकाराच्या थाटात पुढं झालो.

"तुम्ही मशीन कुठलं वापरता?"

"कशाला?"

"चपला शिवायला."

त्यानं हातातली चप्पल उलटी केली आणि माझ्या नाकापुढं धरली. "ह्यो टाका बघा. कशाचा हाय?"

"दोऱ्याचा."

"आवो पावणं, वादी हाय ती! चामड्याचीच. चामड्यानं चामडं शिवतोय आमी. मशीन कुठनं आनायचं ह्याला?" मग त्यानं समोरच्या दुकानाकडं तोंड करून हाळी दिली, "ए सर्जा! हे पावणं वर्ध्यास्नं मशीन बघाय आल्यात. चपलंच्या गल्लीत!"

सर्जा हसला. सर्जाचं गिऱ्हाईक हसलं. त्याच्या शेजारचा, ज्याला काही ऐकूच गेलं नव्हतं, तोही हसला. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येऊन मी नेमका त्या गावात उतरलो होतो, जिथली चप्पल मशीनशिवाय शिवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिचं हे न पाहणं मला ओळखू येतं.

आमच्याकडं असा प्रश्न विचारला असता तर माणसानं "असेल भाऊ तिकडं कुठं" म्हणून अदबीनं चुकीच्या रस्त्याला लावून दिलं असतं. इथं आधी पोटभर हसून घेतात, आणि मग ओट्यावर जागा करून देतात, चहा मागवतात. हसण्याचं वाईट वाटायच्या आत कप हातात येतो.

चहा पिता पिता सुनंदानं त्याला विचारलं, "तुमचा अंगठा दुखत नाही?"

"दुखतोय की! न दुखून जातोय कुठं?" त्यानं अंगठा वाकवून दाखवला. तो पूर्ण वाकेना. "वादी वडाय पक्कड घेतोय आता. सांजच्याला मिठाच्या पान्यात बुडवून बसतोय. तुमचाबी गेला व्हय, वैनी?"

"गेला."

दोघांनी एकमेकांचे अंगठे पाहिले, जसे बरोबरीचे लोक एकमेकांच्या मुलांचे फोटो पाहतात. मग तो मला म्हणाला, "चपलेला न्हाय, पर पिशवीला मशीन लागतंय. बावड्याला जावा. तिथं मारुतीराव म्हनून हायत. जुनी-नवी मशीनं इकत्यात. माझं नाव सांगू नका, मागच्या जत्रंपासनं आमचं बोलनं बंद हाय."

शनिवार दुपार, कसबा बावडा

कारखान्याचा हंगाम चालू होता. रिक्षा उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत होती आणि हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरला होता. मारुतीरावांचं दुकान पुढं, गोदाम मागं, आणि त्याच्या मागं दोन म्हशी. ते मुळात शेतकरी. मशीनांचा धंदा त्यांनी नंतर केला, पण बोलणं जनावरांच्या बाजारातलंच राहिलं.

"बसा की! ऊन लई हाय. आता सांगा, काय शिवतासा?"

सांगणार ती होती, सांगितलं मी. पिशव्या, चामड्याची जाडी, दोऱ्याची जाडी, सगळं. व्हिडिओतले शब्दही पेरले. मारुतीराव ऐकून घेत होते आणि मधूनच सुनंदाकडं बघत होते.

त्यांनी मशीनं दाखवायला घेतली. सगळ्यांचा पाय चालणारा, म्हणजे सुईशेजारचा दाबपाय नुसता दाबून बसत नाही, उचलून चामड्याबरोबर एकेक पाऊल टाकतो. त्यामुळं वरचा थर मागं आणि खालचा पुढं असं होत नाही. एवढं मला खरंच माहीत होतं. पण मोटारीचा प्रश्न आला.

"क्लच मोटार म्हंजे खोंड," मारुतीराव म्हणाले. "पाय लागला की उधळतंय. ही दुसरी सर्वो, ही गरीब गाय. सांगितलं तेवढंच चालती, थांब म्हनलं की थांबती, अन् आवाज करत न्हाय. नवशिक्याला हीच बरी."

नवशिक्या हा शब्द मला लागला. "मी क्लचवर बसून बघतो," मी म्हणालो.

"नगं, पावणं."

"पाहिलंय मी सगळं."

सुनंदानं घरून एक नमुना आणला होता: पिशवीच्या कोपऱ्याचा तुकडा, चार थर एकावर एक आलेला. हा कोपरा जे मशीन नीट शिवेल ते घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलेलं. मी तो सुईखाली सरकवला, खुर्ची पुढं ओढली आणि पायटा दाबला.

पुढं काय झालं ते मला इतरांच्या सांगण्यावरून कळलं आहे. आवाज झाला, टेबल हाललं, आणि मी पाय उचलायच्या ऐवजी घाबरून आणखी दाबला. मशीन थांबलं तेव्हा कोपऱ्यावरून एक लांबलचक शिलाई वळत वळत बाहेर आली होती आणि माझ्या शर्टाच्या कफात शिरली होती. मी आणि तो नमुना एकमेकांना पक्के शिवले गेलो होतो. बोटं वाचली ती केवळ ती माझ्या डोक्यापेक्षा चपळ होती म्हणून.

"सरळ गेलीया की शिलाई," मारुतीराव कफ निरखत म्हणाले. "कापडावर तरी."

सुनंदानं पिशवीतून छोटी सुरी काढली. टाके उसवेल असं मला वाटलं. तिनं नुसतं कफाभोवतालचं चामडं कापून मला मोकळं केलं, आणि विड्याच्या पानाएवढं ठिगळ कफावर तसंच राहू दिलं.

"उसव ना," मी म्हणालो.

"कापडाची भोकं बुजतात, चामड्याची बुजत नाहीत. तो तुकडा गेला तो गेला. राहू दे. तुमच्या लक्षात राहील."

मग ती सर्वोच्या मशीनवर बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, एक पाय पायट्यावर, दुसरा अधांतरी. घरी ती जमिनीवर मांडी घालून शिवते, पिशवी दोन गुडघ्यांत धरून. मारुतीरावांनी वेग अगदी कमी करून दिला. उरलेल्या तुकड्यावर तिनं एक सरळ ओळ मारली, दुसरी मारली आणि उठली.

"चांगलं आहे," ती म्हणाली, आणि हात धुवायला मागं गेली.

माझ्या बहिणीनं दिलेल्या साड्यांना ती असंच चांगलं म्हणते. त्या साड्या अजून घडी न मोडलेल्या आहेत. हे सगळं मला ठाऊक होतं. पण एकीकडं कफाला ठिगळ, दुसरीकडं मारुतीरावांनी पाजलेला चहा, अशा लाजेत माणूस सापडला की त्याला काहीतरी घेतल्याशिवाय दुकानातून उठता येत नाही. मी म्हणालो, "पक्कं. हेच न्यायचं."

"वैनीस्नी इचारलं का?"

"तिचं-माझं एकच."

मारुतीरावांनी सर्वोचं बटण बंद केलं. "उद्या दुकान बंद. रविवारी मी डोंगरावर असतोय, जोतिबाला. तुमीबी या की. बांधाबांध सोमवारी."

संध्याकाळी पाय ओढत आम्ही दूधकट्ट्यावर गेलो. ही इथली गंमत मी आधी ऐकली होती, खरी वाटली नव्हती. भर गावात रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्यासमोर धार काढून फेसाळ पेला तुमच्या हातात देतो. ना तापवणं, ना साखर. वर्ध्यात मी गोठ्यात उभं राहूनसुद्धा असं कोमट दूध कधी प्यालो नव्हतो. दिवसभरात शिणलेलं अंग त्या एका पेल्यानं सैल पडलं. गवळी माझ्या कफाकडं बघून म्हणाला, "पावणं, ही नवी फॅशन म्हनायची व्हय?" सुनंदा त्या दिवसात पहिल्यांदा हसली. तिच्या वरच्या ओठावर दुधाचा फेस होता. मला वाटलं, झालं, जमलं सगळं.

रविवार, जोतिबा

बसनं डोंगर चढायचा आणि मग देवळाकडं पायऱ्या उतरायच्या. देवाला जाताना उतार आणि देवाकडून येताना चढ, ही व्यवस्था माझ्या गुडघ्यांना कुणी विचारून केलेली नाही. दोन्ही बाजूंना दुकानं. गुलाल, खोबरं, दवणा. समोरून येणारी माणसं नखशिखांत गुलाबी. "चांगभलं!" अशी आरोळी उठली की मूठभर गुलाल हवेत जायचा आणि तो बरोबर माझ्या चष्म्यावर उतरायचा. कफावरचं ठिगळही गुलाबी झालं. आमच्याकडं देवळात बुक्का-कुंकू बोटाच्या टोकानं लावतात. इथं देव भेटल्याचं सगळ्या अंगभर लिहून पाठवतात.

दर्शन झालं. परत चढताना अर्ध्या पायऱ्यांवर मी बसलो. सुनंदा शेजारी बसली. तिनं उजव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळला होता आणि त्यावर गुलाल साचला होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "ते मशीन नको."

"का? चांगलं आहे म्हणालीस."

"चांगलंच आहे. पण ते माझ्या आधी पोचतं. टाका कुठं पडायला हवा ते मी बघेपर्यंत तो पडलेला असतो. कितीही हळू केलं तरी ते पळतं आणि मी मागून." तिनं रुमाल नीट केला. "मी बसले तेव्हाच कळलं मला. घरी गेलं की चामडं देऊन टाकते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या लांब आलात."

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की घरातले ताप मोजायला येतात, इतकी ती गोष्ट दुर्मीळ आहे. मला सुचेना की आधी काय सांगावं: की शिवणं बंद करू नकोस, की मी काल पक्कं म्हणून बसलोय.

"तुम्ही शब्द दिलाय ना?" तीच म्हणाली. "हात धुऊन आले तेव्हा तोंडावर दिसत होतं. ताईंच्या मुलाच्या लग्नात आहेराचं घड्याळ रिक्षात विसरून आला होतात, तेव्हा हाच चेहरा होता."

आणि नेमके तेव्हाच मारुतीराव पायऱ्या चढत आले. ओळखू आले ते आवाजावरून, कारण बाकी सगळा गुलाल होता. मी उभा राहिलो आणि तीस वर्षं कचेरीत आलेल्या लोकांना जी भाषा ऐकवली ती सुरू केली: असं आहे की, फेरविचार करता, काही अडचणींमुळं.

"बोली मोडायची हाय म्हना की सरळ!" मारुतीराव म्हणाले. "मला कालच ठावं हुतं. वैनी उठल्या तवा चहाबी गार झाला नव्हता. पर एक सांगा, मशीन चालवनार कोन? तुमी?"

"नाही. ही."

"मग काल त्या खोंडावर तुमी का बसलासा वो?"

आजूबाजूच्या पायऱ्यांवरची चार माणसं उत्तरासाठी थांबली. मी चष्म्यावरचा गुलाल पुसायला घेतला.

मारुतीराव दोन पायऱ्या खाली उतरून सुनंदासमोर टेकले. "वैनी, काय खुपलं?"

तिनं त्यांना ते पळण्याचं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं, आणि पिशवीचा तळ सपाट टेबलावर नीट बसत नाही तेही. माझ्या बडबडीत यातलं एकही काल निघालं नव्हतं.

"उद्या या," मारुतीराव म्हणाले. "गोदामात एक म्हातारं मशीन पडलंय. घ्याच असं म्हनत न्हाय. बघून जावा."

"मला आता काही बघायचं नाही, दादा."

"नगा बघू. दूध प्यायला या."

सोमवार, गोदामात

गेलो ते दूध प्यायला म्हणूनच. सुनंदाचा आवरून निघायचा बेत होता. तिकीट संध्याकाळचं होतं आणि लॉजच्या खोलीत बसून भिंत बघण्यापेक्षा म्हैस बरी, इतपतच उत्साह दोघांत उरला होता.

गोदामात उन्हाची एक तिरीप आणि तेल-लोखंडाचा वास. पोत्यावर ते म्हातारं ठेवलेलं. कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून आलेलं. स्टँड नाही, टेबल नाही, मोटार नाही. नुसतं जाडजूड बूड आणि त्यातून पुढं आलेला लोखंडी हात, कोपरापासून मनगटापर्यंत असावा तसा. त्या हातावर पिशवीचा तळ मोज्यासारखा चढवता येतो, म्हणून शिलाई कोपऱ्यातही पोचते. उजवीकडं मोठं जड चाक.

"सांगाडा हाय नुसता," मारुतीराव म्हणाले. त्यांनी तेल सोडलं, जाड दोरा ओवला. "मोटार आनतो पुढनं, लावून दावतो." आणि ते गेले.

सुनंदा उभी राहून दमली होती. बसायला तिथं काही नव्हतं. ती पोत्याच्या कडेला जमिनीवर बसली, मांडी घालून. मशीनचा तो हात बरोबर तिच्या छातीसमोर आला. ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या कापडी पिशवीत हात घातला आणि एक अर्धवट शिवलेली पिशवी बाहेर काढली. अंगठा गेला त्या दिवशी हातात होती ती. ती बरोबर आणलीय हे मला ठाऊकच नव्हतं. शनिवारी तिनं ती कुणाला दाखवलीही नव्हती.

तळ मशीनच्या हातावर चढला. दोन्ही तळव्यांनी तिनं चामडं धरलं.

"जरा चाक फिरवता का?"

मी खाली बसलो. गुडघ्यांनी ओरडून निषेध नोंदवला. मी चाकाला हात घातला.

"तुमच्याकडं. हळू. नुसती सुई आत जाऊ दे... थांबा."

मी थांबलो.

"आता वर... थांबा."

दाबपाय उचलला गेला, एक पाऊल पुढं पडला. एक टाका झाला होता. ती वाकून त्याच्याकडं बघत होती, हाताच्या टाक्याकडं बघते तशी. चामडं केसभर उजवीकडं घेतलं.

"हं."

मी फिरवलं. दुसरा टाका. ती बघायची, ठरवायची, हं म्हणायची. मग सुई खाली यायची. सत्यनारायणाच्या पूजेत सगळं मी करतो आणि ती नुसता माझ्या हाताला हात लावते. इथं सगळं ती करत होती आणि मी नुसता चाकाला हात लावून बसलो होतो. कोपरा आला. चार थर.

"अर्धंच. सुई आत राहू दे. बिलकूल हलवू नका."

मी श्वाससुद्धा धरून ठेवला. तिनं डाव्या हातानं दाबपाय उचलला, सुईभोवती पिशवी वळवली, पाय खाली सोडला.

"हं."

सुई चार थरांतून कुरकुरत गेली आणि पलीकडं निघाली. कोपरा वळला. तिचा अंगठा मोकळा होता, वर उचललेला, चहा पिताना काही बायकांची करंगळी असते तसा. तिनं नाक ओढल्याचा आवाज मी ऐकला, आणि मशीनच्या तेलाचा वास उग्र असतो असं स्वतःला सांगितलं.

मारुतीराव खांद्यावर मोटार घेऊन आले आणि दारातच थबकले. "हे काय चालवलंयसा?"

"मोटार नको, दादा," सुनंदा म्हणाली. "हे असंच न्यायचं."

"बिनमोटारीचं? वैनी, लोकं हसतील मला! मारुतीरावानं पावण्यांस्नी सांगाडा इकला म्हनून."

"हसू द्या. यांना सवय आहे."

त्यांनी मोटार खाली ठेवली, पिशवीचा कोपरा हातात घेऊन उलटसुलट बघितला, नखानं टाके दाबले. मग मान हलवली. "पर चाकाला मूठ पायजे. तळव्यानं किती फिरवशीला?" आणि चाक सोडवून, आम्हालाही गाडीत घालून उद्यमनगरात घेऊन गेले.

उद्यमनगरात प्रत्येक दारातून लोखंड कापल्याचा आवाज येतो आणि प्रत्येकजण त्या आवाजावरून बोलतो, त्यामुळं साधी चौकशीही भांडणासारखी ऐकू येते. लेथवाल्यानं चाक पाहिलं, लाकडाचा एक ठोकळा उचलला आणि ओरडून विचारलं, "मूठ कुनाच्या हाताच्या मापाची करायची?"

मारुतीरावांनी सुनंदाकडं पाहिलं. मीही पाहिलं. तिनं माझं मनगट धरलं, ठिगळाच्या बाजूचं, आणि माझा पंजा त्याच्यापुढं केला.

लेथवाल्यानं माप घेतलं. "मऊ हाय हात," तो ओरडला. "कचेरीतले दिसत्यात!"

घरी

मशीन ट्रान्सपोर्टनं आमच्यामागून आलं. आता ते पुढच्या खोलीत जाड फळीवर बसवलेलं आहे, जमिनीवर. समोर सुनंदा मांडी घालून, आणि तिच्या उजव्या हाताला, चाकाशी, उशी घेऊन मी. चामडं कुणाला देऊन टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट नवीन मागवलं आहे. रोज दुपारी चहानंतर बसतो. कंबर तक्रार करते, पण ती कोल्हापूरहून आलेलीच नसल्यामुळं मी तिकडं लक्ष देत नाही.

परवा शेजारचे देशमुख बघायला आले. जाणकार माणूस, त्यांनीही व्हिडिओ पाहिलेले. चष्मा पुसून त्यांनी मशीनच्या मागं-पुढं पाहिलं आणि विचारलं, "मोटार कुठली घेतलीत? क्लच की सर्वो?"

"सर्वो," सुनंदा म्हणाली.

मला मारुतीराव आठवले. सांगितलं तेवढंच चालती, थांब म्हनलं की थांबती, अन् आवाज करत न्हाय. पहिल्या दोन गोष्टी मला आता बऱ्या जमायला लागल्या आहेत. मी देशमुखांना तिसरीबद्दल काही सांगायला तोंड उघडलं.

"हं," सुनंदा म्हणाली.

मी चाक फिरवलं.